उपवासाच्या थाळीतलं जुनं काय?

एकादशीला पुण्यातल्या एका खाणावळीत उपवासाची थाळी मागवली. मेन्यूकार्डावर ठसठशीत लिहिलेलं, ‘हजारो वर्षांची परंपरा’. खाद्यइतिहासावर पीएचडी करणाऱ्याचा घास इथेच अडकतो!

तुम्हीच बघा. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही अमेरिका खंडातली. आपला साबुदाणा बनतो कसाव्याच्या कंदापासून, तोही तिकडचाच. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतरच ही पिकं समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. म्हणजे हजारो वर्षं सोडा, साडेपाचशेही भरत नाहीत.

मग खिचडी खोटी का? अजिबात नाही. धान्य वर्ज्य, कंद-फळं चालतात, हा बहुतेक घरांतला नियम. बाहेरून आलेले कंद त्यात अलगद बसले. परंपरा अशीच तर चालते, नव्याला जागा देत.

त्या थाळीतली खिचडी खरंच छान होती: मोकळी, कुटाचा खमंग वास, वर लिंबू. माझी तक्रार वेगळीच आहे. थाळीत खरी इथली, जुनी अशी एकच गोष्ट होती, वरईची भगर. नाशिककडच्या डोंगरउतारांवर आदिवासी शेतकरी आजही वरई पिकवतात. आणि तीच गार, गचका झालेली, वाटीच्या तळाशी चमचाभर! ज्या परंपरेच्या नावावर थाळी विकायची, तिचीच ही आबाळ?

पुढच्या एकादशीला बाहेर जेवलात तर भगर आवर्जून मागा. आणि गरम मागा.