मेगावॅट आणि मेगावॅट-अवर

पोफळीच्या वीजगृहाविषयीच्या लेखनात एका धर्तीचे वाक्य वारंवार वाचायला मिळते : ‘येथे दररोज ६०० मेगावॅट वीज तयार होते.’ यातला आकडा बरोबर आहे, वाक्य मात्र चूक आहे. ‘मेगावॅट’ आणि ‘मेगावॅट-अवर’ हे शब्द कानाला सारखे लागतात, म्हणून ही गफलत सहज खपून जाते.

पोफळीला सह्याद्रीच्या पोटात कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांची यंत्रे आहेत. ७० मेगावॅटची चार आणि ८० मेगावॅटची चार, मिळून क्षमता ६०० मेगावॅट. वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल. म्हणजे मेगावॅट हा ऊर्जा देण्याचा दर झाला. त्याला ‘दररोज’ जोडणे म्हणजे ‘एसटी दररोज ताशी ६० किलोमीटर धावते’ असे म्हणण्यासारखे आहे. तेवढ्यावरून गाडीने किती अंतर तोडले हे कळत नाही; ती किती तास धावली हेही सांगावे लागते.

मेगावॅट-अवर हे ऊर्जेचे एकक. येथे शक्तीला वेळेने गुणलेले असते. ‘किलोमीटर पर अवर’ तोंडी बसलेली मुले मध्ये ‘पर’ घुसवतात आणि गुणाकाराचा भागाकार करतात. त्यांना रोजगार हमी योजनेतला ‘मनुष्यदिवस’ हा शब्द आठवून द्यावा. दहा मजूर पाच दिवस राबले की पन्नास मनुष्यदिवस होतात. तेथे कोणी भागाकार करीत नाही. एक किलोवॅट-अवर म्हणजेच आपल्या बिलातले एक ‘युनिट’, अर्थात ३६ लाख ज्यूल. एका मेगावॅट-अवरमध्ये अशी १,००० युनिटे असतात.

चूक केवळ भाषेची असती तर सोडून देता आली असती. पण तिच्यामुळे पोफळीची खरी अडचण झाकली जाते. शिवाजीसागराचे पाणी येथे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येते. एक टीएमसी म्हणजे अंदाजे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. यंत्रांतली घट धरली तर त्यातून ढोबळमानाने ३ कोटी ३० लाख युनिटे मिळतील. सगळी यंत्रे अखंड चालली तर दिवसाला १ कोटी ४४ लाख युनिटे, म्हणजे एक टीएमसी सव्वादोन दिवसांत संपेल. वर्षभर तसेच चालवायचे तर सुमारे १६० टीएमसी लागतील. बच्छावत लवादाने कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्याला घातलेली मर्यादा होती वर्षाला ६७.५ टीएमसी. शिवाय त्याच जलाशयावर १,००० मेगावॅटचा चौथा टप्पाही आहे.

म्हणजे मेगावॅट भरपूर, पण मेगावॅट-अवर पाण्याने मोजून दिलेले. जलविद्युत यंत्रे झटपट चालू-बंद करता येतात. म्हणून मागणी चढते त्या वेळी ती चालवणे शहाणपणाचे. दोन शब्दांतला भेद ज्याला कळला नाही, त्याला ‘एवढी वीज असताना यंत्रे बंद का ठेवता?’ हा प्रश्न पडणारच.

दोष इंग्रजीवर ढकलून मात्र चालणार नाही. मराठीतला ‘वीज’ हा शब्द क्षमता आणि निर्मिती दोन्ही पोटात घेतो. लेखकांनी ‘क्षमता इतके मेगावॅट’ आणि ‘निर्मिती इतकी युनिटे’ असे वेगळे लिहिले तरी पुष्कळ काम होईल.

वर्गात यासाठी घरचे वीजबिल पुरे. त्यावर मंजूर भार किलोवॅटमध्ये आणि वापर युनिटांत असतो. एक किलोवॅटचा भार ३० दिवस अखंड वापरला तर ७२० युनिटे होतील. बिलात त्याहून कितीतरी कमी का दिसतात, हे मुलांना शोधू द्यावे. मग पोफळीचे ६०० मेगावॅट फळ्यावर लिहून त्यांना विचारावे : किती तास?