क्षेपणास्त्ररोधी प्रतिकृतीत काय राहून जाते?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत, मग ती महाडची असोत वा पुण्याची, एक प्रतिकृती आता ओळखीची झाली आहे. पुठ्ठ्याच्या तळावर छोट्या मोटारीने फिरणारा श्राव्यातीत ध्वनीचा संवेदक असतो. त्याच्यासमोर हात धरला की लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि स्प्रिंगवरचे 'क्षेपणास्त्र' सुटते. वर पाटी असते : 'देशाचे क्षेपणास्त्ररोधी कवच'. जोडणी नीटनेटकी असते, मुलांची मेहनतही खरी असते. आक्षेप आहे तो ही प्रतिकृती जे शिकवते त्यावर. 'दिसले की पाडले' एवढेच ती सांगते.

प्रत्यक्षात दिसणे आणि पाडणे यांच्यामध्ये आज्ञा व नियंत्रण यंत्रणा असते आणि खरी अडचण तेथेच आहे. दिसले ते नेमके काय? ते कोठे पडणार? पाडायचे की सोडून द्यायचे? आदेश कोणी व कोणत्या तळाला द्यायचा? उपग्रह व रडार यांची माहिती जुळवून या प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. हजार किलोमीटरवरून आलेले क्षेपणास्त्र आठ-दहा मिनिटांत पोहोचते. आंतरखंडीय क्षेपणास्त्राला सुमारे अर्धा तास लागतो, म्हणजे शाळेच्या एका तासिकेहून कमीच. शिवाय वातावरणाबाहेर हवेचा विरोध नसल्याने जड स्फोटकाग्र आणि हलका फसवा फुगा एकाच वेगाने जातात. गॅलिलिओचा पाठ शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

भारताने २७ नोव्हेंबर २००६ रोजी सुमारे ५० किलोमीटर उंचीवर येणारे क्षेपणास्त्र अवरोधक क्षेपणास्त्राने पाडून दाखवले. ते यश मोठे होते. परंतु चाचणीत लक्ष्यही आपलेच असते. युद्धात ते कधी व कोठून येईल हे कोणी कळवत नाही.

यंत्रणा कशी चुकते याची दोन उदाहरणे वर्गात सांगण्याजोगी आहेत. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेने इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवले नाही आणि २८ सैनिक ठार झाले. तिचे घड्याळ सेकंदाचे दहा भाग करून मोजत असे. एक-दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही; २४ अंकांनंतर ती तोडली गेली होती. शंभर तास सलग चालल्यावर ही चूक साचून सुमारे ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. रडारने भलत्याच जागी शोध घेतला.

दुसरे उदाहरण उलट आहे. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा दिला. कामावर असलेल्या स्तानिस्लाव पेत्रोव यांनी विचार केला, की खरा हल्ला अवघ्या पाच क्षेपणास्त्रांनी कोण करील? जमिनीवरील रडारनेही दुजोरा दिला नव्हता. त्यांनी इशारा खोटा असल्याचे वर कळवले आणि तो खोटाच ठरला. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. प्रतिकृतीतले यंत्र पेत्रोव यांच्या जागी असते, तर स्प्रिंग सुटली असती.

साखळीचे शेवटचे टोक म्हणजे सामान्य नागरिक. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत रायगड जिल्ह्यातील उरण होते. पण भोंगा विश्वासार्ह असला तरच उपयोगी. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा चुकीचा संदेश गेला आणि तो मागे घेणारा संदेश पोहोचायला ३८ मिनिटे लागली.

दासगावच्या मुलांना हे परके वाटू नये. जुलै २००५ मध्ये तेथे दरड कोसळून माणसे गाडली गेली. दरडीच्या इशाऱ्यातही हीच साखळी आहे. पाऊस कोणी मोजायचा, आकडा कोणाला कळवायचा, घरे रिकामी करण्याचा निर्णय कोणाचा, आणि रात्री वीज गेल्यावर निरोप कसा पोहोचवायचा? इशारे फार दिले तर लोक घराबाहेर पडेनासे होतात. फार कमी दिले तर एकच चुकलेला इशारा गाव नेतो. यंत्र कितीही सुधारले तरी ही तडजोड कोणालातरी विचारपूर्वक ठरवावीच लागते.

म्हणून शिक्षकांना एक सूचना. प्रतिकृतीत एकाऐवजी दोन संवेदक लावावेत आणि मध्ये एक बटण ठेवून त्यापाशी विद्यार्थी बसवावा. निर्णयाला दहा सेकंद द्यावेत. कधी हात, कधी कागद समोर धरून पन्नास वेळा प्रयोग करावा. किती खोटे इशारे खरे मानले गेले आणि किती खरे सुटले, याचा तक्ता 'कवच' या पाटीच्या जागी लावावा. परीक्षकांनी गुण त्या तक्त्याला द्यावेत.