गाय नसलेला गायबगळा

मराठीत पक्ष्यांना नावे देणाऱ्यांनी पक्षी सहसा एकटा पाहिलेला नाही. माळढोक माळावरचा, पाणकावळा पाण्यातला, नदीसुरय नदीवरचा, रानकोंबडा रानातला. गायबगळ्याच्या नावात तर जागेऐवजी जनावरच येऊन बसले आहे. चरणाऱ्या गुरांच्या पायांखालून उडणारे नाकतोडे टिपत हा बगळा हिंडतो आणि शेतकऱ्याला तो नेहमी तसाच दिसत आला आहे. गेली काही वर्षे मी पक्षिछायाचित्रांची प्रदर्शने, दिनदर्शिका, स्पर्धांच्या पुस्तिका आणि दिवाळी अंकांतली रंगीत पाने नोंदी ठेवून पाहतो आहे. त्यांत गायबगळा पुष्कळदा भेटला. विणीच्या दिवसांतला केशरी पिसांचा, पंख पसरून उतरणारा, चोचीत बेडूक धरलेला, असा नाना परींनी भेटला. गाय मात्र क्वचितच भेटली. एका चित्रात उजव्या कडेला तपकिरी, धूसर असे काहीतरी होते. ते गाईचे पोट असावे.

ही गाय कुठे गेली, हा या लेखाचा विषय आहे. मी स्वतः छायाचित्रकार नाही. माझ्याकडे दुर्बीण आणि वह्या आहेत; भिंगांचे गणित पुस्तकांवरून शिकलो. पक्षिछायाचित्रणाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक कॅमेरा कोणता, भिंग कोणते, पक्षी कुठे मिळेल एवढ्यापुरते असते. कवितेची किंवा नाटकाची जशी समीक्षा होते तशी या चित्रांची झालेली माझ्या पाहण्यात फारशी नाही. वास्तविक, आजच्या शहरी माणसाला पक्षी म्हणजे काय हे कवितेपेक्षा याच चित्रांनी अधिक शिकवले आहे.

आधी गणित. छत्तीस मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर ६०० मिमीचे भिंग लावले, तर वीस मीटर अंतरावर चौकटीत १.२ मीटर रुंदीचा तुकडा मावतो. घरातली एक मध्यम खिडकी म्हणा. त्याच अंतरावर ५० मिमीचे साधे भिंग चौदा मीटरहून अधिक रुंदी दाखवते. पक्षी दहा मीटरवर असेल आणि भिंगाचे तोंड एफ-४ असे पूर्ण उघडलेले असेल, तर जेवढे स्पष्ट दिसते त्याची खोली अवघी सहा-सात सेंटिमीटर भरते. आपला तिबोटी खंड्या शेपटीसकट तेरा सेंटिमीटरांचा. म्हणजे तो समोर तोंड करून बसला तर डोळा रेखीव आणि शेपटी पुसट. त्याच्या मागे चार-पाच मीटरवर जे काही असेल, झाड, ओढा, डांबरी रस्ता किंवा कचऱ्याचा ढीग, ते सगळे वितळून एकसारखा हिरवा नाहीतर करडा रंग होतो. या वितळण्याला छायाचित्रकार ‘बोके’ म्हणतात. (शब्द जपानी आहे, आपल्या मांजराशी त्याचा संबंध नाही.) ‘क्रीमी बोके’, ‘क्लीन बॅकग्राउंड’ ही त्यांच्या जगातली मोठी शाबासकी. हे भिंग दहा लाखांच्या पुढे जाते, आणि एवढे पैसे मोजल्यावर पार्श्वभूमी विरघळलीच पाहिजे, अशी एक अपेक्षाही त्या किमतीत येते.

पण लांब भिंगाकडून पहिली आशा वेगळीच होती, आणि ती समजून घ्यायला जरा मागे जावे लागते. यॉर्कशायरच्या रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक १८९५ साली निघाले. त्यातली चित्रे छायाचित्रे होती, आणि ती घरट्यांची होती. त्या काळी दूरचा पक्षी टिपणे जवळजवळ अशक्य होते. पक्षी नक्की परत येईल अशी जागा एकच, ती म्हणजे घरटे. मग माणसाने जवळ कसे जायचे? या भावांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करवून घेतला आणि त्यात उभे राहून चित्रे घेतली. पुढे कित्येक दशके पक्षिछायाचित्रण म्हणजे घरट्याजवळ लपण बांधून बसणे, असेच समीकरण राहिले. एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराने १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्यापाशी हल्ला होऊन एक डोळा गमावला. लोदर यांचे भारतातल्या पक्षिछायाचित्रणावरचे पुस्तक १९४९चे, आणि सालिम अलींचे स्नेही लोक वान थो यांचे ‘अ कंपनी ऑफ बर्ड्स’ १९५७चे. ही सारी बऱ्याच अंशी लपणात बसून काढलेली चित्रे.

भिंग लांब झाले की माणूस मागे सरकेल आणि घरट्याची सक्ती संपेल, ही ती आशा. काही प्रमाणात ती खरीही ठरली. आज नुसत्या उडत्या पक्ष्याच्या पायातल्या कड्याचा क्रमांक छायाचित्रातून वाचता येतो. अशा नोंदींतून स्थलांतराविषयी जे कळते, त्यासाठी पूर्वी पक्षी पुन्हा पकडावा किंवा मेलेला सापडावा लागे. हे भिंगाचे उपकार आहेत आणि ते नाकारणे कृतघ्नपणा होईल.

तरीही माणूस मागे सरकला का? याचे उत्तर चित्रांतच शोधता येते, आणि माझ्या मते समीक्षेचे खरे काम तेच आहे.

तिबोटी खंड्याचे उदाहरण घेऊ. जूनच्या सुमारास हा चिमुकला, जांभळ्या-केशरी रंगाचा पक्षी कोकणात येतो, ओढ्याकाठच्या किंवा रस्ता कापताना उघड्या पडलेल्या मातीच्या दरडीत बीळ कोरून वीण काढतो. त्याचे सर्वांत लोकप्रिय चित्र ठरलेले आहे: शेवाळलेल्या काटकीवर बसलेला पक्षी, चोचीत सापसुरळी किंवा खेकडा, मागे गुळगुळीत हिरवा रंग. पाहणाऱ्याला ते समाधानाचे चित्र वाटते; शिकार साधली, आता घरी जायचे. पण जरा थांबून पाहावे. खंड्याला स्वतःला खायचे असते तेव्हा तो भक्ष्य फांदीवर आपटून गिळतो. ते चोचीत तसेच धरून तो बसला असेल तर ते बहुधा पिलांसाठी आहे, आणि बीळ जवळच आहे. मग तो बिळात का जात नाही? बिळाजवळ धोका दिसला की पक्षी घास घेऊन ताटकळतो. बीळ उघडे पडू नये म्हणून तो जाण्याचे टाळतो. त्याच्या या ताटकळण्यात छायाचित्रकाराला निवांत, स्थिर आणि रेखीव चौकट मिळते. समाधान म्हणून आपण जे पाहतो तो अनेकदा संकोच असतो, आणि त्या संकोचाचे कारण चौकटीच्या अलीकडे, तिपाईमागे बसलेले असते. भिंगाने पक्ष्याची सापसुरळी तिच्या खवल्यांसह दाखवली, पण चौकटीबाहेरची दरड, बीळ आणि दहा तिपाया यांतले काहीच दाखवले नाही.

त्या शेवाळलेल्या काटकीविषयीही थोडे. वेगवेगळ्या छायाचित्रकारांच्या चित्रांत तीच फांदी, तोच गाठीचा वळसा मी चार वेळा ओळखला आहे. ती फांदी कोणीतरी तोडून, शेवाळाचा तुकडा बसवून, उजेड आणि पार्श्वभूमी बघून रोवलेली असते. नेपथ्य म्हणून मला त्यात गैर वाटत नाही. आक्षेप एवढाच की नाटकात नेपथ्यकाराचे नाव छापतात.

उजनीचे पाणी घ्या. १९८०च्या सुमारास भीमेवरचे हे धरण पुरे झाले, गावे पाण्याखाली गेली, आणि काही वर्षांत भिगवणच्या परिसरातल्या उथळ चिखलावर रोहित पक्षी येऊ लागले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. कुंभारगाव, डिकसळ इथले मासेमार होड्यांतून पाहुण्यांना पक्ष्यांपर्यंत नेतात. एवढ्या गोष्टींनी भरलेल्या या जागेचे ठरलेले चित्र कोणते, तर पाण्यावरून धावत सुटलेले रोहित, गुलाबी-काळे पंख आणि पावलांनी उडालेले तुषार. रोहिताला हवेत उठण्यापूर्वी धाव घ्यावी लागते, हे खरे. पण खात असलेला थवा उगाच धावत नाही. कित्येक चौकटींत सगळे पक्षी एकाच दिशेला, कॅमेऱ्यापासून तिरके दूर पळताना दिसतात, आणि त्यावरून होडी कुठून आली ते रेखता येते. होडी, नावाडी, त्याची जाळी आणि बुडालेली गावे यांना त्या चित्रांत जागा नसते.

यावर जाणकार छायाचित्रकार म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे मी गंभीरपणे घेतो, की चौकट म्हणजेच निवड. प्रत्येक कला काहीतरी वगळते. व्यक्तिचित्र काढणाऱ्याला आपण विचारतो का, की या बाईंचे घर कुठे आहे? हा मुद्दा बिनतोड असता, जर वगळणे खरोखर निवडीतून येत असते. पण इथे वगळण्याचा निर्णय यंत्रातच बसवलेला आहे. आजचा कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून धरून ठेवतो, सेकंदाला वीस-तीस चित्रे घेतो, काही कॅमेरे तर बटण दाबण्यापूर्वीचा क्षणही साठवून ठेवतात. या सगळ्या हुशारीला पक्ष्याचा डोळा कळतो. पक्षी कशावर बसला आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. आणि परीक्षकही तेच मागू लागले की निवडीची सवय होते.

मद्रासचे एम. कृष्णन यांच्याकडे असे तयार यंत्र नव्हते. त्यांनी निरनिराळे सुटे भाग जोडून स्वतःचा कॅमेरा बनवला होता आणि त्याचे थट्टेने ‘सुपर पॉन्डेरोसा’ असे नाव ठेवले होते. ते कृष्णधवल चित्रे घेत. १९५०पासून १९९६पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते ‘स्टेट्समन’मध्ये निसर्गावर स्तंभ लिहीत राहिले. ज्या माणसाला तोच पक्षी पुढे शब्दांत मांडायचा असतो, त्याला पक्षी कोणत्या झाडावर आणि कोणत्या उन्हात होता हे विसरून चालत नाही. सालिम अलींनी १९३०मध्ये किहीमला सुगरणींच्या वसाहतीसमोर आडोशात बसून जे पाहिले, की नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन ती पारखते, पसंत पडले तरच ते पुरे होते आणि मग नर पुढच्या घरट्याला लागतो, तेही एका चौकटीत मावणारे नव्हते. त्याला महिनोन् महिने एकाच जागी बसणे लागले.

मला वाटते, आजच्या चित्रांचा खरा पूर्वज छायाचित्र नव्हेच. तो आहे पक्षी ओळखण्याच्या पुस्तकातली रंगीत पाटी. सालिम अलींच्या १९४१च्या पुस्तकासारख्या पुस्तकांत पक्षी जवळजवळ कोऱ्या कागदावर असतो, कारण तिथे भुवईची रेघ आणि पायांचा रंग पाहायचा असतो. जागा कोणती ते शेजारचा मजकूर सांगतो. लांब भिंगाने त्या पाटीचा कोरेपणा उचलला आणि मजकूर सोडून दिला. भिंतीवर टांगलेल्या चित्राखाली पक्ष्याचे नाव, भिंग, शटरचा वेग इतके असते, गाव नसते. गाव न लिहिण्याचे एक चांगले कारणही आहे. विणीची नेमकी जागा जाहीर झाली की तिथे गर्दी उसळते. पण ‘दरडीतली वीण, रस्त्याच्या कडेला’ एवढे लिहिल्याने कोणाला पत्ता सापडत नाही.

या कोरेपणाची किंमत सर्वांत जास्त माळढोकाने मोजली, असे मी म्हणतो तेव्हा छायाचित्रांनी माळढोक मारले असे मला म्हणायचे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजसह माळढोक अभयारण्य १९७९मध्ये जाहीर झाले. आज साऱ्या देशात हा पक्षी दीडशेहून कमी उरला आहे आणि नान्नजला तो दिसणे हीच बातमी असते. माळ नांगरला गेला, उसाखाली गेला, वस्तीखाली गेला. उरलेल्या माळांवरून विजेच्या तारा गेल्या. माळढोक जड पक्षी. डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरचे त्याला कमी दिसते आणि तार दिसली तरी एवढ्या वजनाला ऐनवेळी वळता येत नाही. तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश झाला, २०२४मध्ये तो बदलून तज्ज्ञांच्या समितीकडे विषय सोपवला गेला. एवढे सगळे होत असताना माळढोकाची जी देखणी चित्रे माझ्या पाहण्यात आली, त्यांत सोनेरी गवत आहे, गळ्याची पिशवी फुगवून नाचणारा नर आहे. तार नाही. ती कधी कोन बदलून टाळलेली असते, कधी नंतर पुसलेली. २०२४मध्ये फोटोशॉपमध्ये चित्रातल्या तारा आणि केबल आपोआप ओळखून पुसण्याची सोय आली. लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी काढून टाका, अशा सदराखाली ती ठेवली आहे.

लांब भिंगाला जागा दाखवताच येत नाही असे कोणी समजू नये. दुरून घेतले की पुढचे आणि मागचे अंतर दबते, मागच्या वस्तू जवळ आणि मोठ्या भासतात. ठाण्याच्या खाडीत, जिथे २०१५मध्ये रोहित अभयारण्य झाले, काही थोड्या छायाचित्रकारांनी याचा नेमका उपयोग केला आहे. भिंगाचे तोंड बारीक केले, थवा दूर ठेवला, आणि मागचे मनोरे, पुलाचे खांब, विजेचे टॉवर पक्ष्यांच्या अंगावर आले. तीच यंत्रे, तेच पक्षी. ही चित्रे स्पर्धांतून सहसा मागे पडतात. पक्षी लहान आहे, पार्श्वभूमी गजबजलेली आहे, असे शेरे मी ऐकले आहेत.

मे २०२४मध्ये घाटकोपरला एका उतरणाऱ्या विमानाची धडक बसून जवळपास चाळीस रोहित मेले. ते वस्तीत पडले. त्या रात्रीची चित्रे लोकांनी खिशातल्या फोनने काढली. ती हललेली आहेत, उजेड पिवळा आहे, पण पक्षी आणि पक्षी जिथे पडला ती जमीन दोन्ही एकाच चौकटीत आहेत. पुढच्या हिवाळ्यात मी रोहितांच्या छायाचित्रांची दोन प्रदर्शने पाहिली. दोन्हीकडे पाणी निळे होते.