आख्यानाची स्वायत्तता आणि ‘हाफ-लाइफ २ : एपिसोड वन’

व्हॉल्व्ह या अमेरिकन संस्थेचा ‘हाफ-लाइफ २ : एपिसोड वन’ हा विज्ञानकथात्मक संगणकीय खेळ २००६ साली ‘स्वतंत्र’ म्हणून प्रसिद्ध झाला. २००४ चा मूळ खेळ हाती नसतानाही तो खेळता येई. तथापि त्याचा आरंभ पूर्वकथेच्या अंतापासून होतो, आणि स्फोटाचा लोट आगगाडीवर आदळतो तेथे तो तुटतो. आदी व अंत दोन्ही उसने असलेल्या अशा संहितेस स्वायत्त म्हणावे काय?

या प्रश्नाच्या संदर्भात ‘आख्यान’ ही आपली संकल्पना उपयुक्त ठरते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत सादर केलेले ‘सीतास्वयंवर’ हे रामकथेतील एकच आख्यान होते. पुढे त्यांनी इतर आख्यानेही रंगभूमीवर आणली. समग्र कथा प्रेक्षकास अवगत असल्याचे त्यांत गृहीतच होते. सातारा-सांगलीकडील कीर्तनाचा श्रोताही याच गृहीतावर बसतो. आख्यानाचे स्वातंत्र्य कथानकाच्या पूर्णतेवर नव्हे, तर एका भावबंधाच्या पूर्णतेवर अवलंबून असते.

हा निकष लावता ‘एपिसोड वन’चे मर्म ध्यानी येते. नायक गॉर्डन फ्रीमन मूक आहे. अ‍ॅलिक्स व्हान्स जवळजवळ अखेरपर्यंत त्याच्यासोबत आहे. भुयारातील अंधारात विजेरी खेळणाऱ्याच्या हाती, पिस्तूल अ‍ॅलिक्सच्या. त्याने प्रकाश टाकावा, तेव्हाच तिला नेम धरता येतो. आणि विजेरीची शक्ती तर काही क्षणांत ओसरते. परस्परावलंबनाचा हा अनुभव संवादांतून सांगितलेला नाही, तो कृतीतून घडतो. पूर्वकथा ठाऊक नसली तरी त्यात काही उणे राहत नाही.

अर्थात, साम्य येथे संपते. रामकथेचा शेवट श्रोत्यास ज्ञात असतो, म्हणून आख्यान कोठेही थांबू शकते. येथे मात्र समग्र कथाच अस्तित्वात नाही. २००७ च्या दुसऱ्या भागाची अखेर अ‍ॅलिक्सच्या पित्याच्या मृत्यूने झाली; योजिलेला तिसरा भाग आलाच नाही. २०२४ मध्ये दोन्ही भाग मूळ खेळात समाविष्ट करण्यात आले.

विक्रेय वस्तू म्हणून मिळालेले स्वातंत्र्य असे संपुष्टात आले. भुयारातील प्रसंगाची स्वायत्तता मात्र त्याने बाधित होत नाही. कारण ती वेष्टनावर नव्हे, रचनेत होती. संहितेच्या स्वायत्ततेची चर्चा करताना हा भेद नजरेआड होता कामा नये.