भरलेला ओढा काय सिद्ध करतो?

सदाशिव आठवले यांचे ‘चार्वाक : इतिहास आणि तत्त्वज्ञान’ आणि आ. ह. साळुंखे यांचे ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ या ग्रंथांनी, चेष्टेचा विषय झालेल्या एका दर्शनाला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली. हे ऋण मोठे आहे. मात्र पुढे वाचकवर्गात एक सोपे समीकरण रूढ झाले : डोळ्यांना दिसेल तेवढेच मानणारा चार्वाक बुद्धिवादी आणि अनुमानाची चिरफाड करणारे नैयायिक निव्वळ शब्दच्छल करणारे. मूळ वाद इतका सरळ नाही.

न्यायदर्शनातले प्रसिद्ध उदाहरण घ्या. नदी दुथडी भरलेली दिसली की वर पाऊस झाला, असे अनुमान आपण करतो. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात यावर आक्षेप येतो : पाणी कुठे अडवल्यामुळेही नदी फुगेल, मग अनुमानावर भरवसा कसा ठेवायचा? कडेगावच्या शेतकऱ्याला हा आक्षेप समजावून सांगावा लागणार नाही. या अवर्षणग्रस्त तालुक्यात टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उचलून आणले. त्या पाण्याने ओढा भरला, तर आभाळात ढगही नसताना तो वाहताना दिसेल. डोळा चुकलेला नाही; पाणी खरेच आहे. चुकू शकतो तो ‘पाणी म्हणजे पाऊस’ हा नियम.

वात्स्यायनाचे उत्तर इथे महत्त्वाचे आहे. नुसते भरलेपण हा हेतू नव्हेच, असे तो म्हणतो. वाढलेला वेग, फेस, वाहून येणारी पाने, फळे, लाकडे हे सारे पाहून पावसाचे अनुमान करायचे. म्हणजे चुकलेल्या अनुमानावरचा उपाय अनुमान सोडणे हा नसून अधिक बारकाईने पाहणे हा आहे. प्रत्यक्ष आणि अनुमान इथे प्रतिस्पर्धी उरत नाहीत.

चार्वाकांनाही हे ठाऊक होते. कमलशीलाने नोंदवलेल्या पुरंदराच्या मतानुसार लोकव्यवहारातले अनुमान चार्वाकांना मान्य आहे. नकार आहे तो अनुभवाची हद्द ओलांडून परलोकापर्यंत धावणाऱ्या अनुमानाला. 1940 साली बडोद्याहून प्रसिद्ध झालेल्या ‘तत्त्वोपप्लवसिंहा’त तर जयराशीभट्ट प्रत्यक्षालाही प्रमाण म्हणून टिकू देत नाही.

हा केवळ पंडिती वाद नव्हे. ‘मी डोळ्यांनी पाहिले’ हा बाबाच्या भक्ताचाही हुकमी युक्तिवाद असतो. हातातून विभूती निघालेली त्याने खरेच पाहिलेली असते. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांच्या चळवळीने अशा चमत्कारांची प्रात्यक्षिके गावोगाव केली, तेव्हा ती प्रेक्षकाच्या डोळ्यांना खोटे ठरवत नव्हती. तीच विभूती हातचलाखीनेही निघते, हे दाखवून ती ‘विभूती म्हणजे दैवी शक्ती’ ही व्याप्ती मोडत होती. कडेगावच्या ओढ्याचा न्याय इथेही तोच.

आणि शेवटी, चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहीत. विरोधकांनी खंडनासाठी दिलेल्या अवतरणांवरून आपण त्यांचे मत जुळवतो. धुरावरून अग्नी ओळखावा, तसा आपण चार्वाक ओळखला आहे. त्याच्या बाजूने उभे राहणाऱ्याला अनुमानाचा उपहास परवडणारा नाही.