बेने इस्राएलांचे सण आणि आंतरधर्मीय कुटुंब
कोकणातील मराठीभाषी यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, यांच्या सणांची देशी नावे हाइम सॅम्युअल केहिमकर यांच्या इतिहासग्रंथात (प्रकाशन १९३७) आढळतात. यहुदी नववर्षदिन हा ‘नव्याचा सण’, पुरीम हा ‘होळीचा सण’. या नावांवरून ही परंपरा मुळातच मिश्र होती, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो अपुरा आहे. पुरीम होळीच्या सुमारास येतो म्हणून नाव जुळले. कथा एस्तेर राणीचीच राहिली. मलिद्यातील पोहे, खोबरे व फळे हिंदू घरासही परिचित असतात. आवाहन मात्र एलियाहू संदेष्ट्याचे असते.

ठाण्यात या समाजाचे ‘शाआर हाशामाईम’ हे प्रार्थनालय १८७९ पासून आहे. अशा वस्तीतील आंतरधर्मीय घरात हा भेद निर्णायक ठरतो. हिंदू सुनेला मलिद्याचे ताट परके वाटत नाही. तथापि परंपरागत यहुदी धर्मशास्त्र अपत्याचे यहुदीपण मातेवरून ठरविते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न सोडता विवाह शक्य झाला; अपत्याचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. म्हणून केवळ पदार्थांच्या साम्यावरून समन्वय सिद्ध झाला असे मानणारे विवेचन अर्ध्यावर थांबते. ते ताट कोणाच्या नावाने मांडले जाते आणि पुढील पिढीत ते कोण मांडील, याचाही विचार अभ्यासकाने केला पाहिजे.