बंदुकीची झिलई आणि 'मूळ' या शब्दाची मर्यादा

जुन्या लष्करी शस्त्रांच्या संग्राहकांत आणि लिलावांच्या सूचीपत्रांत 'ओरिजिनल फिनिश' या शब्दाला फार मोल आहे. ओरिजिनल फिनिश म्हणजे धातूवरची मूळ झिलई. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेल्या दोन रायफलींपैकी एकीची झिलई मूळ ठरली आणि दुसरीची नंतरची, तर किमतीत मोठी तफावत पडते. जिथे अशी तफावत, तिथे नक्कल आलीच. पण या विषयाचे वाचन करताना आणि संग्रहालयांतली शस्त्रे काचेपलीकडून न्याहाळताना मला सतत वाटत आले आहे, की नकलेपेक्षा 'मूळ' हा शब्दच जास्त घोटाळा करतो. म्हणून या लेखात त्या शब्दाचीच तपासणी करू.

आधी झिलई म्हणजे काय ते पाहू. ब्ल्यूइंग हा रंग नव्हे. तो पोलादाच्या पृष्ठभागाचाच झालेला काळा ऑक्साइड असतो आणि त्याचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. जुन्या पद्धतीत नळीला आम्लयुक्त द्रावण लावून मुद्दाम गंज चढवीत, ती पाण्यात उकळीत, म्हणजे तांबडा गंज काळा होई. मग तारेच्या ब्रशने घासून पुन्हा तेच. असे अनेक फेरे. पुढे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या उकळत्या द्रावणात, सुमारे १४० अंश सेल्सिअसला, भाग बुडवून हेच काम काही मिनिटांत होऊ लागले. तिसरी रीत फॉस्फेटची. बर्मिंगहॅमच्या कॉसलेटने १९०६ साली तिचे पेटंट घेतले आणि पुढे अमेरिकेत ती 'पार्करायझिंग' नावाने रुळली. तिचा थर राखाडी, खरखरीत आणि तेल धरून ठेवणारा असतो.

अडचण अशी, की या सगळ्या रीती आजही करता येतात. आज चढवलेला काळा ऑक्साइड आणि १९१० साली चढवलेला काळा ऑक्साइड हा रसायन म्हणून एकच. तेव्हा नुसत्या रंगावरून निकाल देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पुरावा असतो तो झिलईच्या खालच्या पृष्ठभागात.

नवी झिलई चढवायची तर जुनी काढावी लागते, आणि बाजारात हे काम बहुधा बफिंगच्या चाकावर होते. चाक कडा गोल करते, स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खोलगटपणा आणते, ठशातली अक्षरे उथळ करते. गंजाने पडलेल्या खळग्याच्या तळाशीही एकसारखी काळी झिलई दिसली, तर ती गंजानंतरची हे उघड आहे. झीजही पाहावी. बोल्टची मूठ, नळीचे तोंड, तोल साधून रायफल हातात धरतात ती जागा, येथे ती आधी उजळते. ज्या जागी हात पोचत नाही तिथेच झीज दिसली, तर ती कोणीतरी घडवलेली असते. लाकडाखाली झाकलेला नळीचा भाग हा सर्वांत चांगला साक्षीदार, कारण तिथे हात, घाम आणि ऊन पोचत नाहीत.

त्या त्या कारखान्याची सवय माहीत असेल तर निकाल आणखी पक्का होतो. १९१७ सालच्या जर्मन ल्यूगर पिस्तुलाचा चाप आणि काही छोटे भाग तापवून गवती पिवळ्या रंगाचे केलेले असत. १९३७ च्या सुमारास माउझरने ही रीत सोडली. म्हणून १९१७ च्या पिस्तुलाचे हे भाग काळेभोर दिसले, तर शंका घ्यावी. उलट १९४४ सालच्या जर्मन रायफलीवर यंत्राचे ओरखडे दिसणे हाच खरेपणा. घाईच्या त्या दिवसांत गुळगुळीत पॉलिश करायला वेळ नव्हता, तेव्हा आरशासारखी चकचकीत रायफल संशयास्पद.

इथवर संग्राहकांची पद्धत मला मान्य आहे. मतभेद पुढे आहे, आणि तो आपल्याकडच्या एका रायफलीमुळे स्पष्ट होतो. ती म्हणजे ली-एनफील्ड, आपली थ्री-नॉट-थ्री. एकविसाव्या शतकातही ती महाराष्ट्र पोलिसांच्या हातात होती. समजा, अशा एका रायफलीच्या दस्त्याजवळच्या पट्टीवर राजमुकुट, एनफील्डचे नाव आणि १९१७ हे साल आहे. नळीवर मात्र बंगालमधल्या ईशापूर कारखान्याचा बऱ्याच नंतरचा ठसा आहे आणि सर्व धातूवर काळा रंग दिलेला आहे. परदेशी सूचीपत्र तिला एका शब्दात 'रिफिनिश्ड' म्हणून खालच्या रांगेत बसवील. मला हा निकाल उथळ वाटतो. तो रंग कोणा व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला फसवायला दिलेला नाही. दमट हवेत पोलाद टिकावे म्हणून सैन्याच्याच कारखान्याने तो दिला, आणि नळी बदलल्याची नोंदही ठशाने उघडपणे ठेवली. फ्रान्ससाठी घडलेली रायफल स्वतंत्र भारताच्या सेवेत कशी आली, हे तो रंगच सांगतो.

म्हणून 'मूळ की नंतरची' असे दोनच खाने पुरत नाहीत, तीन हवेत. कारखान्यातून बाहेर पडतानाची ती जन्माची झिलई. सेवेत असताना सैन्याने दिलेली ती सेवेची. सेवा संपल्यावर विक्रीसाठी चढवलेली ती बाजाराची. खोटेपणाचा प्रश्न फक्त तिसऱ्या खान्यात येतो, आणि तिथेही विकणाऱ्याने ती जन्माची म्हणून खपवली तरच.

मराठी वाचकाला हा भेद नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, म्हणून कोणी त्या प्रतीला बनावट म्हणत नाही. तिच्या आधीचा पाठ कोणता, हा प्रश्न राजवाड्यांसारख्या संशोधकांनी वेगळा विचारला, आणि तो विचारणेही योग्यच होते. दोन्ही पाठांना आपापले स्थान आहे, फक्त कोणता कधीचा हे सांगावे लागते.

मात्र पोथी आणि पोलाद यांत एक मोठा फरक आहे. पोथीचा एक पाठ बिघडला तर दुसऱ्या मठातली प्रत हाती लागू शकते. एका रायफलीला दुसरी प्रत नसते. चाकावर घासून निघालेला थर, बुजलेला ठसा, गोल झालेली कड परत येत नाही.

आपल्या संग्रहालयांच्या दृष्टीने खरी चिंता हीच आहे. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्रीचे बोअर खासगी नागरिकाला निषिद्ध आहे, त्यामुळे माझ्यासारख्याला अभ्यासासाठी संग्रहालयांखेरीज फारसा आधार नाही. तिथे पाहुण्यांच्या भेटीआधी शस्त्रे पॉलिश पेपरने घासून चमकवली, की जन्माची आणि सेवेची अशा दोन्ही झिलया एका दुपारी जातात. चमक दिसते, इतिहास निघून जातो. मऊ कापड, हलके तेल, हातमोजे एवढे पुरे आहे. आणि काचेखालच्या पाटीवर साल व नाव यांच्यापुढे एक ओळ वाढवावी : झिलई जन्माची, सेवेची की बाजाराची. ती ओळ लिहायची, तर आधी कोणाला तरी ते शस्त्र नीट पाहावे लागेल.